पीरिऑडिकवेव्ह आणि नादाची जाती

ब्राउझरमध्ये पाचसहा ओळींची आज्ञावली लिहून हवी ती तरंगाकृती ऐकता येते, असे विधान वेब ऑडिओच्या परिचयपर लेखनात वारंवार भेटते. विधान असत्य नाही. परंतु त्यातील 'हवी ती' ह्या शब्दांचा अर्थ कोठवर ताणावा, ह्याचा विचार क्वचितच झालेला दिसतो. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला तरंगजनित्र म्हणून आता टेबलावरच्या संगणकाहून निराळे उपकरण हवेच असे नाही. श्रवणविषयक प्रयोगसुद्धा ब्राउझरमधून घेता येतात, आणि गायनाच्या विद्यार्थ्याला तंबोऱ्याचा आधारस्वरही त्याच खिडकीतून मिळू शकतो. जे साधन असे तटस्थ म्हणून हाती घेतले जाते, त्याच्या पोटात नादाविषयीचे एक विशिष्ट मत घडवून बसविलेले असेल, तर ते मत कोणते व ते कोठपर्यंत खरे ठरते हे पाहिल्यावाचून त्या साधनावर काढलेल्या निष्कर्षांची किंमत ठरविता येणार नाही. वेब ऑडिओमधील 'पीरिऑडिकवेव्ह' ह्या घटकाची चिकित्सा ह्या दृष्टीने करण्यासारखी आहे.

घटकाचे स्वरूप समजण्यास त्याचा पूर्वेतिहास थोडा उपयोगी पडतो. ब्राउझरमधून ध्वनी निर्माण करण्याचे दोन मार्ग २०१० नंतरच्या एकदोन वर्षांत परस्परांसमोर उभे होते. मोझिलाने फायरफॉक्स ४ मध्ये (२०११) दिलेल्या सोयीत आज्ञावलीने ध्वनीचा एकेक नमुना स्वतः गणून थेट ध्वनियंत्रणेकडे पाठवावयाचा असे. गूगलच्या ख्रिस रॉजर्स ह्यांनी मांडलेल्या योजनेत नमुने गणण्याचे काम ब्राउझरने स्वतःकडे ठेविले होते. लेखकाने ऑसिलेटर, गाळणी, विलंब, पातळीनियंत्रण असे तयार घटक निवडून ते एकमेकांस जोडावयाचे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला पहिला मसुदा ह्या दुसऱ्या योजनेवर आधारलेला होता, व १७ जून २०२१ रोजी त्यास अंतिम शिफारशीचे स्वरूप आले. कल्पना तशी जुनीच होय. बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज ह्यांनी १९५७ पासून 'म्यूझिक' ह्या नावाच्या आज्ञावलींची जी मालिका रचली, तिच्यात १९६० च्या सुमारास हेच सुटे, परस्परांस जोडता येणारे घटक अवतरले होते. ब्राउझरमधील आज्ञावली त्या काळी पुरेशा वेगाने व बिनचूक वेळेवर चालेल अशी खात्री नसल्यामुळे रॉजर्स ह्यांची योजना व्यवहारतः शहाणपणाची होती, ह्यात संशय नाही. मात्र तिच्यामुळे 'तरंग म्हणजे काय' ह्याचे उत्तर देण्याचा अधिकार लेखकाच्या हातून घटकाच्या रचनाकाराकडे गेला.

ऑसिलेटरला चार आकृती उपजत येतात: साइन, चौकोनी, करवती व त्रिकोणी. पाचवी आकृती लेखकाने घडवावयाची असते, आणि ती घडविण्याचे साधन म्हणजे पीरिऑडिकवेव्ह. पहिल्या मसुद्यांत ह्याचे नाव 'वेव्हटेबल' असे होते. नाव बदलले ते योग्यच झाले, कारण येथे तरंगाची आकृती बिंदुशः लिहून द्यावयाची नसते. द्यावयाच्या असतात त्या संख्यांच्या दोन ओळी. पहिल्या ओळीत कोसाइन पदांचे सहगुणक, दुसरीत साइन पदांचे. ओळीतील पहिली संख्या मूलस्वराची, दुसरी त्याच्या दुपटीच्या घटकस्वराची, तिसरी तिपटीची. शून्य क्रमांकाच्या जागी काहीही लिहिले तरी ते दुर्लक्षिले जाते. ह्या पदांची बेरीज करून ब्राउझर एक आवर्तन तयार करतो व तेच आवर्तन हव्या त्या वारंवारतेने फिरवीत राहतो. नमुनादराच्या निम्म्याहून वर जाणारे घटकस्वर वगळले जातात, त्यामुळे उंच स्वरांत इतर बाळबोध आज्ञावलींना होणारा विपर्यासाचा दोष येथे टळतो. हा गुण मोठा आहे. हाताने करवती आकृती लिहून ती वाजवून पाहणाऱ्यास त्याचे मोल ताबडतोब कळेल.

एक गंमत जाता जाता नोंदविण्याजोगी आहे. प्रत्येक ब्राउझरने निदान ८,१९२ संख्यांची ओळ स्वीकारली पाहिजे, असे विनिर्देशात म्हटले आहे. सेकंदास ४४,१०० नमुने ह्या दराने सर्वांत उंच घटकस्वर २२,०५० हर्ट्झच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे ती सगळी ओळ कामास यावयाची तर मूलस्वर सेकंदास सुमारे २.७ कंपनांहून खाली असला पाहिजे, आणि एवढा खालचा स्वर मनुष्यास स्वर म्हणून ऐकूच येत नाही. काळी एकच्या मध्य षड्जाला, म्हणजे १३८.६ हर्ट्झला, १५९ घटकस्वरांची जागा आहे. हेही थोडे नव्हे.

आता ह्या रचनेमागील मताकडे वळावे. कोणतेही आवर्ती कंपन साइन व कोसाइन पदांच्या बेरजेने मांडता येते, हे गणित फूर्ये ह्यांच्या उष्णतेवरील ग्रंथातून (१८२२) आले. कान असेच पृथक्करण करतो, असे ओम ह्यांनी १८४३ मध्ये सुचविले. आणि नादाची जाती, म्हणजे सनई व सतार एकाच स्वरात असूनही निरनिराळ्या ओळखू येतात तो गुण, घटकस्वरांच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने प्रतिपादिले. पीरिऑडिकवेव्हच्या दोन ओळी म्हणजे हेल्महोल्ट्झचा सिद्धान्तच आज्ञावलीच्या रूपाने होय. म्हणूनच त्या सिद्धान्ताची दोन अंगे येथे कशी उतरली आहेत, हे पाहणे इष्ट ठरते: एक घटकस्वरांच्या कलेचे व दुसरे काळाचे.

घटकस्वरांच्या परस्पर कलेचा जातीवर परिणाम होत नाही, हे हेल्महोल्ट्झ ह्यांचे सुप्रसिद्ध मत. पुढील संशोधनाने त्यास मर्यादा घातल्या, तरी थोडे व खालचे घटकस्वर असताना ते बहुतांशी टिकते. ब्राउझरमध्ये ह्या मताची परीक्षा घेणे सोपे वाटते. मूलस्वर १ व तिपटीचा घटकस्वर एक-तृतीयांश, दोन्ही साइन पदे, अशी एक आकृती घ्यावी. दुसरीत फक्त तिसऱ्या पदाचे चिन्ह उणे करावे. प्रमाण तेच राहिले, कला तेवढी उलटली. पहिली आकृती वर चपटी, चौकोनाकडे झुकलेली दिसते. दुसरी टोकदार, त्रिकोणासारखी. ऐकताना त्यांच्यांत भेद जाणवू नये, अशी अपेक्षा. परंतु ब्राउझरमध्ये त्या वाजविल्या असता भेद स्पष्टपणे ऐकू येतो: पहिली मोठी, दुसरी लहान. परीक्षा घेणारा विद्यार्थी हेल्महोल्ट्झ चुकले असे लिहून मोकळा होण्याचा संभव आहे.

दोष हेल्महोल्ट्झचा नाही. पीरिऑडिकवेव्ह, निराळे काही सांगितले नसेल तर, तयार झालेल्या आवर्तनाचे सर्वांत उंच शिखर १ वर येईल अशा बेताने संपूर्ण आकृती वाढविते अथवा दाबते. पहिल्या आकृतीचे शिखर ०.९४३ आहे, दुसरीचे १.३३३. त्यामुळे पहिलीतील मूलस्वर १.०६ होतो आणि दुसरीतील ०.७५. दोहोंचे गुणोत्तर नेमके दोनाच्या वर्गमुळाइतके येते. म्हणजे दोन ध्वनींत ३ डेसिबलचा फरक पडतो, व तेवढा फरक सामान्य कानालाही कळतो. कला बदलल्याने आकृतीचे शिखर बदलले, शिखर बदलल्याने समीकरणाचा भाजक बदलला, आणि भाजक बदलल्याने नादाचा लहानमोठेपणा बदलला. जे कानात घडले नाही ते आज्ञावलीत घडले.

हे समीकरण बंद करता येते. घटक तयार करताना 'डिसेबलनॉर्मलायझेशन' हा पर्याय 'ट्रू' असा दिला की पुरे. मग दोन्ही ध्वनी समान पातळीचे ऐकू येतात. परंतु उपजत स्थिती ही समीकरणाची आहे, आणि ज्याला पर्यायाची माहिती नाही त्याला काही घडते आहे ह्याचाही पत्ता लागत नाही. शिखर मर्यादेत ठेवण्यामागे रचनाकारांचा हेतू ध्वनी फाटू नये हा असावा. वाजविणाऱ्याच्या सोयीचा विचार केला तर तो वाजवी आहे. मोजणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही सोय घातक होय. उपजत चौकोनी आकृतीही ह्याच नियमाने घडते. मर्यादित पदांच्या बेरजेत उडीच्या कडेशी जो उंचवटा राहतो (गिब्झ ह्यांनी १८९९ मध्ये ज्याकडे लक्ष वेधले तो), तो पठाराच्या सुमारे १८ टक्के वर जातो. शिखर १ वर आणले की पठार ०.८५ च्या आसपास उतरते. चौकोनी व साइन आकृतींच्या मोठेपणाची तुलना ब्राउझरवर करणाऱ्या एखाद्या प्रबंधात हा आकडा हिशेबात घेतलेला नसेल, तर त्यातील कोष्टके पुन्हा करावी लागतील.

कलेचा प्रश्न असा एका पर्यायाने सुटतो. काळाचा तसा सुटत नाही. पीरिऑडिकवेव्ह एकदा तयार झाली की तिच्यातील एकही संख्या बदलता येत नाही. ऑसिलेटरला चालू असता दुसरी आकृती देता येते, पण बदल एकदम होतो. एका जातीतून दुसरीत सरकण्याची सोय नाही. पातळी व वारंवारता ह्यांस वळण देण्यासाठी वेब ऑडिओमध्ये इतकी बारीक व्यवस्था असताना, जातीला मात्र ती नाकारली आहे, ही विषमता लक्षात येण्यासारखी आहे. जणू नाद उंचनीच व लहानमोठा होऊ शकतो, त्याची जाती मात्र जन्मतः ठरलेली. ही कल्पना १९६० च्या दशकातच खोटी ठरली होती. झाँ-क्लोद रिसे ह्यांनी बेल प्रयोगशाळेत ट्रम्पेटच्या ध्वनीचे संगणकाने पृथक्करण केले तेव्हा असे आढळले की, स्वर जसजसा मोठा होतो तसतसे वरचे घटकस्वर प्रमाणाबाहेर वाढतात, व स्वराच्या आरंभी ते खालच्यांच्या मागून येतात. ठरीव प्रमाणाने केलेले अनुकरण ट्रम्पेटसारखे वाटत नव्हते. हे नाते त्यात घातल्यावर ते पटू लागले. ज्या प्रयोगशाळेत ब्राउझरच्या घटकांची कल्पना जन्मास आली, तिथेच काही वर्षांत तिची ही उणीवही उघड झाली होती.

मराठी वाचकास ट्रम्पेटपेक्षा तंबोरा जवळचा. शिवाय ठरीव तरंगाच्या कल्पनेची त्याहून कडक परीक्षा दुसऱ्या वाद्यात सापडणे कठीण. चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात तंबोऱ्याच्या घोडीकडे लक्ष वेधले होते. तार ज्या बिंदूवर छेडली असेल तेथे ज्या घटकस्वराचा निष्पंद पडतो तो घटकस्वर ध्वनीत उमटू नये, हा टॉमस यंग ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. तंबोऱ्यात जवारीचा दोरा नीट बसला असता हा नियम पाळला जात नाही. जे घटकस्वर नसावयाचे तेच ठळकपणे ऐकू येतात. ह्याचे कारण घोडीच्या रुंद, किंचित वक्र पृष्ठात आहे. तार एका धारेवर टेकलेली नसते. कंप पावताना ती त्या पृष्ठास पुन्हा पुन्हा लागते व सुटते, आणि ऊर्जा खालच्या घटकस्वरांतून वरच्यांकडे वाहत राहते. कंपन जसे ओसरते तसा हा स्पर्शही बदलतो; म्हणून ठळक ऐकू येणाऱ्या घटकस्वरांचा पट्टा तार वाजत असतानाच सरकत जातो. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडीवरून कानस फिरवितात, दोरा केसभर पुढेमागे सरकवितात व पुन्हा ऐकतात, ते ह्याच सरकण्याचा वेग व विस्तार जुळविण्यासाठी होय.

पीरिऑडिकवेव्हने तंबोरा करू पाहणारा अभ्यासक साधारणपणे असे करतो: खऱ्या तारेचा एखादा क्षण घेऊन त्याचे पृथक्करण करावयाचे, मिळालेली प्रमाणे ओळीत भरावयाची, आणि ऑसिलेटर सुरू करावयाचा. प्रमाणे अगदी बरोबर असूनही कानाला मिळतो तो पेटीच्या सुरासारखा एक ताठ नाद. त्याहून बोधप्रद गोष्ट गांधाराची आहे. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार हा तिचा पाचवा घटकस्वर होय. तेव्हा ओळीतील पाचवी संख्या वाढविली की गांधार ऐकू यावा, अशी कल्पना सहजच होते. संख्या वाढविली तरी गांधार वेगळा निघत नाही. नादाचा रंग तेवढा किंचित पालटतो. स्थिर नादातील घटकस्वर कान एकत्र मिसळून घेतो. ते सुटे ऐकण्यासाठी खुद्द हेल्महोल्ट्झना पोकळ गोलांचे अनुनादक वापरावे लागले होते. तंबोऱ्यात गांधार आपणहून पुढे येतो, कारण शेजारचे घटकस्वर आपापल्या वेळी वाढतात व ओसरतात आणि त्या हालचालीत तो क्षणभर एकटा पडतो. गांधार ऐकू येतो तो प्रमाणांच्या बदलामुळे, आणि नेमका हाच बदल नोंदविण्यास ह्या घटकात जागा नाही.

तथापि ब्राउझरचा सर्वच कारखाना ह्या एका घटकावर चाललेला नाही. प्रत्येक घटकस्वरासाठी स्वतंत्र ऑसिलेटर व स्वतंत्र पातळीनियंत्रण योजिले तर प्रमाणे काळानुसार बदलता येतात. ३२ घटकस्वरांस ३२ जोड्या लागतात, आणि चार तारांच्या तंबोऱ्यास १२८. आजचे संगणक एवढे ओझे सहज पेलतात. जोडीच्या दोन तारांतील सूक्ष्म अंतर साधणे त्याहून सोपे: काळी एकच्या षड्जावर एक सेंटचा फरक दिला की सुमारे साडेबारा सेकंदांनी एक आंदोलन येते. परंतु १२८ पातळ्यांच्या वळणांचे आराखडे कोणीतरी आधी मोजून द्यावे लागतात. तो तंबोऱ्याचा आलेख झाला. तंबोऱ्याच्या वर्तनाचे स्पष्टीकरण नव्हे.

अधिक तर्कशुद्ध मार्ग तारेचेच अनुकरण करण्याचा होय. केव्हिन कार्प्लस व अलेक्झांडर स्ट्राँग ह्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत क्षणिक ध्वनी एका विलंबात फिरत ठेवितात, व प्रत्येक फेरीत एक साधी गाळणी त्यातील वरचे घटकस्वर थोडे थोडे कमी करते. फेरीचा काळ म्हणजे स्वराचा आवर्तकाळ. वेब ऑडिओमध्ये विलंब व गाळणी हे दोन्ही घटक तयार असल्याने ही रीत सहज जमावी. पण येथेही एक अदृश्य भिंत आहे. ब्राउझर ध्वनी १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्यांनी गणतो, आणि वर्तुळात जोडलेला विलंब एका गठ्ठ्याहून लहान होऊ शकत नाही. ४४,१०० च्या दराने त्यामुळे ३४४.५ हर्ट्झहून उंच स्वर अशा वर्तुळातून निघत नाही. सतारीची वरची सप्तके त्यामुळे बाद होतात. तंबोरा मात्र योगायोगाने वाचतो: पुरुषाच्या काळी एकच्या जोडीस ३१८ नमुने लागतात, आणि स्त्रीगायिकांच्या काळी पाचची जोडीही २३३ हर्ट्झवर, भिंतीच्या बरीच आत, राहते. तार अशी मिळते; जवारी मिळत नाही. वर्तुळात तरंगाकार वाकविणारा 'वेव्हशेपर' घालून काही चरचर उत्पन्न करता येते, परंतु तो घटक त्या त्या क्षणीची उंची तेवढी पाहतो. घोडीवरचा स्पर्श तारेच्या शेवटच्या तुकड्याच्या सगळ्या आकारावर व त्याच्या गतीवर अवलंबून आहे. आधीच्या क्षणाची ज्याला आठवण नाही अशा घटकाकडून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

उरतो तो 'ऑडिओवर्कलेट'. क्रोमने २०१८ मध्ये, फायरफॉक्सने २०२० मध्ये आणि सफारीने २०२१ मध्ये स्वीकारलेल्या ह्या सोयीने नमुना गणण्याचा अधिकार पुन्हा लेखकाकडे आणला. ह्यापूर्वीची 'स्क्रिप्टप्रोसेसर' ही सोय पडद्याचे चित्र रंगविणाऱ्या धाग्यावरच चालत असे, आणि पानावर काही हलले की ध्वनी अडखळे. वर्कलेट ध्वनीच्या स्वतंत्र धाग्यावर चालतो. विलंबाचे वर्तुळ त्याच्या आत लिहिले तर १२८ ची भिंतही उरत नाही. मोझिलाच्या मूळ योजनेतील मुख्य कल्पना, अधिक शिस्तबद्ध रूपात, अशी दशकभराने मागील दाराने आत आली, असे म्हणावयास हरकत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये तंबोऱ्याची तार व तिचा घोडीशी होणारा स्पर्श ह्यांचे तत्काळ वाजविता येईल असे गणिती प्रतिमान मांडले आहे. ते ब्राउझरमध्ये उतरवावयाचे तर जागा वर्कलेटचीच. तेथे मात्र प्रत्येक १२८ नमुन्यांचे सगळे गणित २.९ मिलिसेकंदांच्या आत संपवावे लागते, नाहीतर तार वाजत असता मध्येच तुटल्यासारखी होते.

पीरिऑडिकवेव्हची योग्य जागा त्यामुळे वाद्यालयात नसून वर्गात आहे. फूर्येचे गणित प्रथम शिकणाऱ्यास दोन ओळींतील एखादी संख्या बदलून लगेच ऐकावयास मिळणे, ही सोय जुन्या प्रयोगशाळांना नव्हती. त्या वर्गात दोन प्रात्यक्षिके तरी अवश्य करवून घ्यावीत: एक, वर सांगितलेल्या दोन आकृती समीकरण चालू ठेवून व बंद करून ऐकण्याचे, दुसरे, पाचवी संख्या शून्यापासून एकापर्यंत वाढवीत नेऊन गांधार कोठे सुटा ऐकू येतो काय ते लिहून ठेवण्याचे, आणि त्यानंतर त्याच षड्जात लावलेला खरा तंबोरा छेडून तेच पुन्हा ऐकण्याचे.